वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा रोबोट आणि ऑब्जेक्टची ओळख

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे एकमेकांना संदेश पाठवणाऱ्या ऑब्जेक्टांच्या रूपात प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत, नवशिक्यांना कसे शिकवावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत आभासी रोबोटचा उल्लेख होता. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते. लूप आणि अटी शिकवून होईपर्यंत वर्ग माझ्याबरोबर असतो. पण क्लास आणि ऑब्जेक्टचा धडा सुरू झाला की विद्यार्थी व्याख्या पाठ करू लागतात. एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम यांवर ते पानभर लिहितात, मात्र स्वतःचा एक अर्थपूर्ण क्लास त्यांना लिहिता येत नाही. पडद्यावर फिरणारा रोबोट वापरून हा विषय शिकवता येतो असे ऐकले आहे. त्याने नेमके काय साधते आणि शिकवण्याचा क्रम कसा ठेवावा? (एक प्राध्यापिका)

उत्तर : आपण वर्णन केलेल्या स्थितीत दोष विद्यार्थ्यांचा नाही, क्रमाचा आहे. ज्या गोष्टीची व्याख्या करायची, ती गोष्ट विद्यार्थ्याने अजून पाहिलेलीच नसते. क्लास म्हणजे आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून तयार झालेली प्रत्यक्ष वस्तू. प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची ओळख असते, स्वतःची स्थिती असते आणि काही ठरावीक संदेशांना उत्तर देण्याची क्षमता असते. पाठ्यपुस्तकातील नेहमीच्या बँक खात्याच्या उदाहरणात या तिन्ही गोष्टी मेमरीत दडून राहतात आणि विद्यार्थ्याच्या हाती शेवटी एक छापलेली संख्या येते. तीच संख्या साध्या व्हेरिएबलनेही छापता आली असती, मग एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न त्याच्या मनात राहतोच. रोबोट कोणत्या चौकात उभा आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ही स्थिती मात्र पडद्यावर उघड दिसते आणि संदेश पाठवताच ती डोळ्यांदेखत बदलते.

या प्रकारातील सर्वांत परिचित रोबोट म्हणजे कॅरेल. त्याचे जग अगदी बेताचे आहे : पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते, त्यांना छेदणारे दक्षिणोत्तर रस्ते, मध्ये कुठे भिंती, आणि चौकांत ठेवलेल्या बीपर नावाच्या लहान वस्तू. मूळ रोबोटला पाचच आज्ञा कळतात. एक चौक पुढे जाणे, डावीकडे वळणे, बीपर उचलून पिशवीत टाकणे, पिशवीतला बीपर खाली ठेवणे आणि बंद होणे. समोर भिंत असताना पुढे जाण्यास सांगितले, किंवा बीपर नसलेल्या चौकात बीपर उचलण्यास सांगितले, तर तो चूक दाखवून जागीच थांबतो. हा कडकपणा फार उपयोगाचा आहे, कारण प्रत्येक मेथडच्या, म्हणजे ऑब्जेक्टला कळणाऱ्या आज्ञेच्या, आधी काही गोष्टी खऱ्या असाव्या लागतात, हे विद्यार्थ्याला त्यातून आपोआप कळते.

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे : पहिल्याच तासाला रोबोट एक नको, दोन हवेत. एकाच क्लासपासून दोन रोबोट तयार करावेत, एकाचे तोंड उत्तरेला आणि दुसऱ्याचे पूर्वेला ठेवावे, आणि फक्त पहिल्याला पुढे जाण्यास सांगावे. दुसरा हलत नाही. क्लास आणि ऑब्जेक्ट यांच्यातला फरक यापेक्षा कमी शब्दांत सांगण्याचा मार्ग मला माहीत नाही. प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी प्रत्येकाने चौकटीच्या कागदावर दोन्ही रोबोटांची शेवटची जागा आणि दिशा काढावी, असा आग्रह धरावा. अंदाज चुकला तर तो कोणत्या ओळीपाशी चुकला, हे विद्यार्थ्याला स्वतःच शोधता येते.

त्यानंतर नवा क्लास लिहिण्याची गरज निर्माण करावी. रोबोटला उजवीकडे वळता येत नाही, म्हणून ‘उजवीकडे वळणारा रोबोट’ हा मूळ क्लासचा विस्तार म्हणून लिहायचा आणि त्यात तीन वेळा डावीकडे वळणारी एक मेथड ठेवायची. मूळ क्लासला हातही लावायचा नाही. पूर्वीचे सगळे वर्तन फुकटात मिळाले आणि एका नव्या गोष्टीची भर पडली, हा अनुभव आल्यावर इनहेरिटन्सची व्याख्या सांगायला दोन मिनिटे पुरतात.

एन्कॅप्सुलेशनसाठी भिंतीचा उपयोग करावा. ‘रोबोटचा रस्ता क्रमांक आपण बाहेरून थेट बदलला तर काय होईल?’ असे वर्गाला विचारावे. रोबोट भिंतीतून आरपार जाईल, हे कोणीतरी सांगतेच. स्थिती बदलायची असेल तर ऑब्जेक्टलाच विनंती करावी लागते, म्हणजे नियम मोडला जात आहे का, हे त्याला तपासता येते. ‘प्रायव्हेट’ हा शब्द का असतो, याचे उत्तर या चर्चेत मिळते; एरवी विद्यार्थी तो केवळ परीक्षेत गुण जाऊ नयेत म्हणून लिहितात.

पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच संदेशाला वेगवेगळ्या ऑब्जेक्टांनी आपापल्या परीने उत्तर देणे, हा या मार्गाचा खरा कस आहे आणि त्यासाठी मी पुढील रचना सुचवेन. एक ‘मुकादम’ रोबोट घ्यावा, ज्याला तयार होतानाच तीन कामगार रोबोट सोपवले जातात. मुकादमाला ‘काम सुरू कर’ असे सांगितले की तो प्रत्येक कामगाराला ‘तुझी ओळ पूर्ण कर’ एवढाच संदेश पाठवतो. पहिल्या प्रकारचा कामगार आपल्या ओळीतले सगळे बीपर उचलतो, दुसरा प्रत्येक चौकात एक बीपर ठेवतो, तिसरा एक चौक सोडून एक ठेवतो. मुकादमाच्या कोडमध्ये कामगाराचा प्रकार विचारणारी एकही अट नसते. आता विद्यार्थ्यांना चौथ्या प्रकारचा कामगार तयार करायला सांगावे आणि मुकादमाच्या किती ओळी बदलाव्या लागल्या, ते मोजायला लावावे. एकही नाही, हे उत्तर वर्गातून आल्यानंतरच त्या लांबलचक शब्दाचा उच्चार करावा.

प्रश्न : मी इंटरनेटवरून स्वतः शिकतो. रोबोटचे बरेच सराव सोडवले : भुलभुलैयातून बाहेर काढणे, जिने चढवणे, रांगेतले बीपर गोळा करणे. माझ्या एका मित्राचे म्हणणे असे की हे सगळे साधे प्रोसीजरल प्रोग्रॅमिंग, म्हणजे आज्ञांची एकामागून एक मांडणी आहे, ऑब्जेक्टशी याचा संबंध नाही. त्याचे बरोबर आहे का? (एक स्वयंअध्यायी वाचक)

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरेचसे बरोबर असण्याची शक्यता आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. रिचर्ड पॅटिस यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना कॅरेल तयार केला आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी प्रास्ताविक अभ्यासक्रमात पास्कल भाषेचा दबदबा होता आणि कॅरेलची भाषाही त्याच वळणाची होती. एकच रोबोट, नव्या आज्ञा तयार करण्याची सोय, अटी आणि लूप असा तिचा आवाका होता. तिच्यात व्हेरिएबलसुद्धा नव्हते. मोठे काम लहान कामांत कसे विभागावे, हे शिकवण्याचा तिचा हेतू होता आणि तो तिने उत्तम पार पाडला. ऑब्जेक्ट शिकवणे हा तिचा हेतू नव्हता.

नव्वदच्या दशकात प्रास्ताविक अभ्यासक्रम सी प्लस प्लस आणि पुढे जावा यांच्याकडे वळू लागले, तेव्हा जोसेफ बर्गिन, मार्क स्टेहलिक आणि जिम रॉबर्ट्स यांनी पॅटिस यांच्यासह कॅरेलचे नवे रूप सिद्ध केले. १९९७ मध्ये आलेल्या या रूपाचे नाव कॅरेल प्लस प्लस. त्यात रोबोटांचे क्लास आले, एकाच जगात अनेक रोबोट आले आणि त्यांनी एकमेकांना काम सांगण्याची पद्धत आली. त्याची जावा भाषेतील पुढची आवृत्ती आजही उपयोगात आणता येते. तेव्हा कॅरेल या एकाच नावाखाली दोन वेगळ्या शिकवणी नांदत आहेत, आणि इंटरनेटवर सापडणारे बहुसंख्य सराव पहिल्या शिकवणीतले आहेत.

आपले सराव कोणत्या बाजूचे आहेत, हे सहज तपासता येते. आपल्या प्रोग्रॅममध्ये एकापेक्षा अधिक रोबोट आहेत का? एका रोबोटाने दुसऱ्याला कधी काही सांगितले का? एकाच संदेशाला दोन रोबोटांनी वेगवेगळा प्रतिसाद दिला का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर आपण केलेला अभ्यास वाया गेलेला नाही, पण तो ऑब्जेक्टचा अभ्यासही नाही. क्लास लिहिलेला असूनही हे घडू शकते : ज्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट असतो आणि ज्याची एकच मेथड वरपासून खालपर्यंत सगळे काम करते, तो क्लास म्हणजे केवळ प्रोग्रॅमभोवती घातलेले कुंपण आहे.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगावीशी वाटते. क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पनांचा जन्मच आभासी प्रतिकृती करण्याच्या गरजेतून झाला. नॉर्वेमधील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी साठच्या दशकात सिम्युला ही भाषा रचली, ती वास्तवातील गुंतागुंतीच्या प्रक्रियांची संगणकावर नक्कल करता यावी म्हणून. क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या तिन्ही कल्पना सिम्युला ६७ मध्ये आढळतात. त्यामुळे रोबोटचे उदाहरण हे मुलांसाठी केलेले सुलभीकरण आहे असे कोणी म्हणाले, तर ते मान्य करण्याची गरज नाही.

प्रश्न : माझी मुलगी रोबोटचे प्रोग्रॅम लिहिते. ‘याला उजवीकडे वळताच येत नाही, तर हा कसला रोबोट?’ असे ती विचारते. ही उणीव मुद्दाम ठेवली आहे का? (एक पालक)

उत्तर : होय, मुद्दाम. आज्ञांचा संच इतका तोकडा ठेवला आहे की पहिल्या काही तासांतच मुलांना स्वतःची आज्ञा तयार करणे भाग पडते. आपल्या मुलीला जागेवर उभे राहून तीन वेळा डावीकडे वळायला सांगावे; तिला उत्तर सापडेल. लोगो या १९६७ साली सुरू झालेल्या भाषेतील कासवाविषयी, म्हणजे आज्ञेनुसार फिरणाऱ्या आकृतीविषयी, त्या भाषेचे एक निर्माते सीमोर पेपर्ट हेच सांगत असत की मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करू शकते, आणि तेच त्या कासवाचे बळ आहे. मात्र ती नवी मेथड ‘तीनदा डावीकडे’ या नावाने लिहीत असेल, तर नाव ‘उजवीकडे वळ’ असे करून घ्यावे. नावाने काय घडते ते सांगावे. कसे घडते ते मेथडच्या पोटात राहावे.

प्रश्न : पायथनमध्ये मी ‘पहिला’ या नावाचा एक रोबोट तयार केला. मग ‘दुसरा’ या नावात ‘पहिला’ची किंमत भरली. दोन रोबोट दिसतील अशी अपेक्षा होती, पण एकच दिसला. आणि ‘दुसरा’ला पुढे जायला सांगितले तेव्हा ‘पहिला’ही सरकला. ही माझ्या संगणकातील अडचण आहे का? (एक विद्यार्थी)

उत्तर : संगणक निर्दोष आहे. पायथन आणि जावा या दोन्ही भाषांत व्हेरिएबलमध्ये रोबोट साठवलेला नसतो, रोबोटकडे नेणारा संदर्भ साठवलेला असतो. आपण केलेल्या कृतीने नवा रोबोट जन्माला आला नाही; असलेल्या रोबोटला दुसरे नाव मिळाले. नवा रोबोट हवा असेल तर क्लासला हाक मारावी, म्हणजे कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट घडवणारी मेथड) वापरावा. सी प्लस प्लसमध्ये साध्या व्हेरिएबलच्या बाबतीत अशाच दिसणाऱ्या ओळीने खरोखर प्रत तयार होते, त्यामुळे तिकडून आलेल्यांचा येथे हमखास गोंधळ उडतो.

आपण आता याच्या उलट प्रयोग करून पाहावा, कारण तो अधिक उद्बोधक आहे. कन्स्ट्रक्टर दोनदा वापरून दोन रोबोट एकाच चौकात, एकाच दिशेला तोंड करून आणि सारख्याच बीपरांसह उभे करा. पडद्यावर बहुधा एकच आकृती दिसेल, कारण एक चित्र दुसऱ्यावर काढले जाते. म्हणजे एक ऑब्जेक्ट आणि दोन नावे असतानाही एकच आकृती, आणि दोन ऑब्जेक्ट असतानाही एकच आकृती. चित्र येथे फसवते. फरक ओळखण्यासाठी एकाला पुढे जाण्यास सांगावे आणि मागे कोणी उरले का, ते पाहावे. सर्व बाबतींत सारखे असणे आणि तोच असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पायथनमध्ये त्यांची तपासणीही दोन वेगळ्या चिन्हांनी होते. दोन बरोबर चिन्हे समानता विचारतात आणि ‘इज’ हा शब्द ओळख विचारतो. आपण स्वतः समानतेचा अर्थ क्लासमध्ये लिहून दिला नाही, तर पायथन समानतेलाही ओळखच मानते, हे येथे लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत नवे सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी मिळत नाही. केवळ पायथनवर काम भागेल का? आणि मेथडची नावे मराठीत लिहिता येतील का? (एक शिक्षक)

उत्तर : भागेल. पायथनच्या प्रमाण संग्रहातच ‘टर्टल’ हे मॉड्यूल असते आणि त्यातले कासव हा एक खराखुरा क्लास आहे. पण हे मॉड्यूल दोन पद्धतींनी वापरता येते. पहिल्या पद्धतीत नुसती ‘फॉरवर्ड’ ही आज्ञा लिहिली की पडद्यामागे तयार झालेले एक अनामिक कासव हलते. बहुतेक ठिकाणी हीच पद्धत शिकवली जाते आणि आपल्या कामासाठी ती निरुपयोगी आहे. दुसऱ्या पद्धतीत आपण कासवाचा ऑब्जेक्ट स्वतः तयार करतो, त्याला नाव देतो आणि त्या नावापुढे टिंब देऊन संदेश पाठवतो. पहिल्या दिवसापासून दुसरीच पद्धत वापरावी. या कासवाच्या जगात भिंती आणि बीपर नसतात आणि त्याला उजवीकडे वळता येते. म्हणून चौकांचे जग, भिंतींची यादी आणि भिंतीला धडकल्यावर थांबणारा रोबोट असा एक लहान क्लास शिक्षकाने आधी लिहून ठेवावा. ते काम मोठे नाही.

नावांविषयी : पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरांतील नावे चालतात, त्यामुळे शब्दांमध्ये अधोरेषा घालून ‘पुढे_जा’ किंवा ‘बीपर_उचल’ अशा मेथड लिहिता येतात. भाषेचे राखीव शब्द अर्थातच रोमनच राहतात. दोन ठिकाणी ठेच लागते. देवनागरी अंक कोडमध्ये संख्या म्हणून थेट लिहिता येत नाहीत. आणि काही कळफलक ‘ऱ्य’ किंवा अर्धी अक्षरे उमटवताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, जे पायथनला नावात चालत नाही. ओळ दिसायला निर्दोष असते आणि तरीही चूक दाखवली जाते. ‘कोपऱ्यात_जा’सारखी नावे टाळलेली बरी.

प्रश्न : पडद्यावरच्या रोबोटपेक्षा खरा, चाकांचा रोबोट दिला तर मुलांना अधिक रस वाटणार नाही का? (एक वाचक)

उत्तर : रस नक्कीच वाटेल, पण शिकण्याचा विषय बदलेल. खऱ्या रोबोटची चाके घसरतात, बॅटरी उतरते, सेन्सर प्रत्येक वेळी थोडे वेगळे मोजमाप देतो. प्रोग्रॅम चुकला की चाक घसरले, हे नवशिक्याला सांगता येत नाही. आभासी रोबोट तोच प्रोग्रॅम त्याच जगात शंभर वेळा चालवला तरी शंभर वेळा तेच करतो, आणि हवा तितका सावकाश चालवता येतो. यंत्राची ओळख हा स्वतंत्र आणि चांगला अभ्यास आहे. तो नंतर करावा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर कंपनीत नव्या भरतीला प्रशिक्षण देतो. रोबोटवर शिकलेली मुले प्रत्येक गोष्टीसाठी मूळ क्लासचा विस्तार करत सुटतात, असा माझा अनुभव आहे. कामात तर रोबोट नसतात. हा मार्ग किती दिवस धरावा? (एक प्रशिक्षक)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि या पद्धतीचे समर्थन करणाऱ्यांनी ते गंभीरपणे घ्यायला हवे. रोबोटच्या जगात इनहेरिटन्स इतके सहज जमते की विद्यार्थ्याला तेच एकमेव साधन वाटू लागते. उजवीकडे वळणारा रोबोट झाला, त्याचा विस्तार करून पावले मोजणारा झाला, त्याचा विस्तार करून ओळ साफ करणारा झाला. मग पावले न मोजता ओळ साफ करणारा हवा असतो, किंवा पावले मोजत बीपर पेरणारा हवा असतो, आणि उतरंड कोसळते : प्रत्येक जोडीसाठी नवा क्लास लिहावा लागतो आणि तेच कोड जागोजागी उतरवले जाते.

माझ्या मते ही कोंडी टाळू नये, विद्यार्थ्याला तिच्यापर्यंत मुद्दाम न्यावे. तो अडकला की दुसरा मार्ग दाखवावा : ओळीत काय करायचे, ही माहिती रोबोटच्या क्लासमध्ये न ठेवता ‘कार्यपद्धती’ नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवावी आणि रोबोट तयार होताना ती त्याच्या हाती द्यावी. रोबोट प्रत्येक चौकात पोहोचला की आपल्या कार्यपद्धतीला विचारतो. आता कोणताही रोबोट कोणतीही पद्धत घेऊ शकतो, चालता चालता ती बदलूही शकतो. येथे आणखी एक लाभ होतो, जो सहसा दुर्लक्षिला जातो. कार्यपद्धती हा ऑब्जेक्ट पडद्यावर दिसत नाही. त्याला जागा नाही, दिशा नाही, आकृती नाही. तरीही त्याला संदेश पाठवता येतो आणि त्याचे उत्तर मिळते. चित्र नसलेल्या ऑब्जेक्टवर विश्वास ठेवायला विद्यार्थी येथे शिकतो, आणि आपल्या कंपनीतील जवळपास सगळे ऑब्जेक्ट याच जातीचे असतात.

हा टप्पा पार पडला की रोबोट बाजूला ठेवावा. याद्या, मजकूर, फायली, बाहेरून येणारी चुकीची माहिती यांपैकी काहीच रोबोट नीट शिकवत नाही आणि ते त्याच्याकडून ओढून ताणून शिकवण्यातही अर्थ नाही. साधारण एका सत्राचा सुरुवातीचा एक तृतीयांश भाग त्याला द्यावा, असे मी सुचवेन. संपूर्ण सत्र रोबोटवर काढणे मला मान्य नाही.

प्रश्न : यावर परीक्षा कशी घ्यावी? पडद्यावर बीपरांची अपेक्षित आकृती उमटली की पूर्ण गुण द्यावेत का? (एक परीक्षक)

उत्तर : देऊ नयेत. आकृती योग्य उमटूनही प्रोग्रॅम वाईट असू शकतो; पंचवीस ‘पुढे जा’ एकाखाली एक लिहिले तरी आकृती उमटते. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम त्याने न पाहिलेल्या जगात चालवावा, जिथे ओळ थोडी लांब आहे किंवा भिंत दुसरीकडे आहे. दुसऱ्या प्रश्नात तयार क्लास द्यावेत आणि त्यांतील एकही ओळ न बदलता मुकादमाच्या ताफ्यात ओळ पूर्ण करून मूळ चौकात परतणारा कामगार सामील करण्यास सांगावे. दिलेल्या क्लासमध्ये बदल आढळल्यास त्या प्रश्नाचे गुण देऊ नयेत. तिसरा प्रश्न कागदावरचा असावा : दोन रोबोट, तीन नावे आणि सात-आठ संदेश देऊन शेवटी कोण कुठे उभा आहे आणि कोणत्या नावांनी ओळखला जातो, ते चौकटीत काढायला लावावे. या तिसऱ्या प्रश्नाला गुण कमी आणि वेळ भरपूर द्यावा, आणि उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर तोच प्रोग्रॅम वर्गात चालवून दाखवावा.